फक्त चिकटवा म्हटलं होतं

६ जानेवारी, सोमवार

गिटार दुरुस्तीचं दुकान उघडून महिना झाला. डोक्यात जे साठतंय ते कुठेतरी उतरवलं नाही तर डोक्याचा भुगा होईल, म्हणून ही वही. बायकोला, केतकीला ऐकवायला गेलो तर म्हणते, "चैतन्य, मी दिवसभर मिनिस्ट्रीत हेच ऐकते. लोक किती मूर्ख आहेत, हे. घरी नको, प्लीज."

महिन्याभराचा निष्कर्ष असा की गिटार वाजवणाऱ्या माणसाइतका भंपक प्राणी दिल्लीत नाही. आणि दिल्लीत भंपकपणाचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही.

आज सिद्धांत नावाचं पोरगं आलं. मूळचा अमरावतीचा, इथे मुनिरकात खोली घेऊन कसल्यातरी परीक्षेची तयारी करतोय, म्हणजे करत नाहीये. गिटारीचं नाव मल्लिका. तिच्या एका खुंटीचा स्क्रू ढिला झाला होता. सर्दीसुद्धा नाही, शिंक. हा म्हणतो, "काका, मी इथेच बसतो यार. तिला अनोळखी हातांची सवय नाही." मी म्हटलं, "बस, पण तिचा हात धरू नकोस. स्क्रू तिथेच आहे." तो हसला नाही. काम झाल्यावर त्याने तिच्या डोक्यावर ओठ टेकवले. लाकडाच्या. भर गल्लीत, भाजीच्या गाडीसमोर.

सगळे असेच. एकाला ती झोपताना शेजारी लागते. एक बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणी वाजवली की ती रुसते, सुरात लागत नाही. बाई, थंडी आहे, तारा आक्रसतात. नाचता येईना अंगण वाकडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. हे लोक त्या अंगणाच्या गळ्यात पडून रडतात.

माझं सरळ आहे. गिटार म्हणजे लाकडाचा डबा आणि सहा तारा. डबा वाकला, तडकला, तर नीट करायचा. उभा जन्म सरकारी फायली सरळ केल्या, आता निदान हाताला लागेल असं काही सरळ करावं म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही आणि त्याची तसूभरही लाज वाटत नाही. दातांच्या डॉक्टरला कुणी चकल्या खाऊन दाखवायला सांगत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

धुकं इतकं की समोरचा चहावाला नुसता ऐकू येत होता. गिऱ्हाईक एकच. कृष्णाबाई, दिल्ली कँटच्या. सत्तरीच्या आसपास. नऊवारी, वर पुरुषी स्वेटर, पायात मोजे आणि सुनेचे असावेत असे गुलाबी बूट. फौजी घोंगडीत गुंडाळलेली गिटार दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसने आल्या. माझी पाटी मराठीतही आहे, ती सुनेने ऑटोतून पाहिली होती म्हणे. मराठी पाटीचा हा महिन्यातला पहिला उपयोग.

घोंगडी उघडली आणि मला कळवळा आला. गिटारीचा नाही, माझ्या टेबलाचा. इतकी कळकट वस्तू त्याच्यावर आजवर ठेवली नव्हती.

"हे खालचं उचललंय बघा, दादा," त्या म्हणाल्या. तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, ब्रिज म्हणतात तिला, ती एका बाजूने सुटली होती. "सून म्हणते, हीटरच्या हवेनं झालं. तेवढं फक्त चिकटवा. बाकी कशाला हात लावू नका."

"मिस्टरांची का?"

"हो. सुभेदार होते ना, बँडात. मेसमध्ये पार्टी असली की हे गिटारवर. लग्नाच्या आधीपासनं हीच आहे." मग घोंगडीची घडी घालत म्हणाल्या, "आता त्यांच्या लक्षात काही राहत नाही. पण हिला ओळखतात. हिच्यामुळंच मग जरा..."

वाक्य तिथेच सोडलं. मीही पुरं करायला लावलं नाही. गिटारवाल्यांची वाक्यं पुरी व्हायला लागली की दुपार जाते.

"वय झालं की विसर पडायचाच," मी म्हटलं.

"कधी मिळेल? ही नसली ना, की घरभर हिंडतात. पलंगाखाली बघतात, फ्रिजमध्ये बघतात."

बघा. वय पंचाहत्तर, हुद्दा सुभेदार, आणि थेरं सिद्धांतची. लवकर देतो म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

सुभेदारांची गिटार नीट तपासली. कामाआधीचा फोटो काढून भिंतीवर लावला, लोकांना कळावं की वस्तू किती वाईट अवस्थेत जाऊ शकते.

मानेवर तारांखाली धातूच्या ज्या बारीक पट्ट्या असतात, त्या फ्रेट, पहिल्या चार घरांत झिजून सपाट. मधल्या लाकडाला बोटांनी अक्षरशः खळगे पाडलेत. जाडी तार तिसऱ्या घरात दाबली की माशी अडकल्यासारखी गुणगुणते. मानेच्या पाठीमागे, जिथे अंगठा टेकतो, तिथे पॉलिश गेलंय, लाकूड दबलंय आणि घामाने काळं कुळकुळीत झालंय. पुढे तारा छेडायच्या नखीने खरवडून खरवडून पाट्यासारखा खड्डा. एका खुंटीची मूठ तुटलेली, तिच्या जागी वर्दीचं पितळी बटण डागून बसवलंय. वर सगळ्याला घामाचा आणि पितळ घासायच्या पॉलिशचा वास. याला म्हणे आवडती गिटार. नावडती असती तर काय केलं असतं?

"फक्त चिकटवा." हे सगळेच म्हणतात. एक तर बिलाला भितात, दुसरं म्हणजे वस्तू चांगलीही असू शकते हे त्यांना माहीतच नसतं. मी ठरवलं, सगळं करायचं. नवे फ्रेट, मान घासून सरळ, खड्डा भरून वरून पॉलिश. पैसे फक्त चिकटवण्याचे घ्यायचे. बाई फार जपून धरत होत्या घोंगडी. घरी नेल्यावर त्यांना रडू फुटेल. मला रडणारी गिऱ्हाइकं आवडत नाहीत, पण या खेपेला चालवून घेईन.

बाकी दिवस वाईट गेला. पॉलिश पेपर गुंडाळायला माझ्याकडे सागवानाचा एक ठोकळा आहे, आमच्या जुन्या पाटाच्या पायाचा. केतकीने तो कचरा समजून टाकला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत कचऱ्याच्या गाडीमागे पळालो आणि आत कोपरापर्यंत हात घालून तो काढला. ती म्हणते, "अरे, वीस रुपयांत नवा मिळतो." मिळतो. पण त्याला अंगठ्याची जागा नाही. हा भावनेचा प्रश्न नाही, पकडीचा आहे. तिला ते समजावण्यात संध्याकाळ गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केतकीने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "तुला गोड बोल म्हणत नाही, निदान थोडं कमी बोल."

कृष्णाबाईंचा फोन. "झाली का हो, दादा?" ब्रिज केव्हाच चिकटलाय. पण मान उघडी पडलीये, फ्रेट काढून झालेत, आता मध्येच कशी देणार? म्हटलं, थंडीत सरस वाळायला वेळ लागतो.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "नाही, ते दाराशी बसून राहतात. कोण आलं की विचारतात, आणली का. जेवत नाहीत धड."

आईने खेळणं काढून घेतल्यावर पोरं असंच करतात. सणाचा दिवस, म्हणून लवकर देतो म्हटलं.

आज अंगठ्याची काळी जागा घासली. किती खोल होती! तीन जाडीचे कागद लागले. खालून स्वच्छ, गुलाबीसर लाकूड निघालं. इतक्या वर्षांत त्याला कुणी उजेड दाखवला नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

झाली. माझ्या हातून यापेक्षा चांगलं काम झालेलं नाही. खड्डा कुठे होता ते मलाही आता शोधावं लागतं. जाडी तार तिसऱ्या घरात घंटेसारखी स्वच्छ. बटण काढलं, पाचही खुंट्यांशी जुळणारी सहावी मूठ पहाडगंजच्या घाऊक बाजारात अर्धा दिवस हिंडून मिळवली. वासासाठी आत दोन दिवस कापूर ठेवला होता.

केतकी म्हणाली, "अगदी नवी घेतल्यासारखी दिसते." तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे फार झालं.

न्यायला सून आली, शिवांजली. नवरा राजवीर सध्या बॉर्डरवर, ही दोन मुलं आणि सासू-सासरे घेऊन क्वार्टरमध्ये. घाईत होती. गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "ही आमचीच ना?"

याहून मोठी पावती कुणी देऊ शकत नाही. बटण एका पुडीत बांधून तिला देत होतो, ती म्हणाली राहू द्या, लहान मुलगा तोंडात घालतो. बाकीचं काम फुकट केलंय हे मुद्दाम सांगितलं नाही. कळेल.

२० जानेवारी, सोमवार

कृष्णाबाईंचा फोन. आभाराचा, असं वाटून जरा घसा साफ केला.

"दादा, अदलाबदल नाही ना झाली? दुसऱ्या कुणाची तर दिली नाहीत?"

मी म्हटलं, बाई, आत लेबल बघा, तेच आहे. त्या म्हणाल्या, लेबल बघितलं. मग म्हणाल्या, "हे घेतच नाहीत हो हातात. म्हणतात, माझी नाही."

मी समजावलं की वस्तू सुधारली की काही दिवस वेगळी वाटते, नव्या चपलेसारखी, सवय होईल. त्या "बरं" म्हणाल्या. "मी फक्त चिकटवा म्हटलं होतं," असंही म्हणाल्या, पण हळू.

गाढवाला गुळाची चव काय. माणसाला त्याच भावात दुप्पट चांगली वस्तू द्या, तो म्हणेल माझा उकिरडा परत करा.

२२ जानेवारी, बुधवार

शिवांजली दुकानात आली. सिद्धांत बसला होता, मल्लिकेचं आता डोकं दुखत होतं म्हणे. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बाकीचं करायला?"

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. आधी काय होतं आणि आता काय आहे, तूच बघ. तिने फोटो बघितला आणि तिचा आवाज चढला.

"काका, माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. कळतंय का तुम्हाला? ते राजवीरना ओळखत नाहीत. व्हिडिओ कॉलवर मुलाला 'जी सर' म्हणतात. आईंना ताई म्हणतात, अहो-जाहो करतात. पाहुण्या बाईशी बोलावं तसं. रोज दुपारी ती गिटार हातात दिली की अंगठा मागे फिरवायचे, असा, आणि मग माणूसच बदलायचा. वाजवायचे. आणि मधेच हाक मारायचे, कृष्णे, चहा टाक. तासभर. त्या एका तासासाठी आई दिवसभर जगायच्या, यार. त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं नव्हतं. म्हणजे इतकं नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, हे वैद्यकीय प्रश्न आहेत, मी लाकडाचं काम करतो आणि काम शंभर टक्के बरोबर आहे, कुणालाही दाखव. ती म्हणाली, "कुणाला दाखवू? त्यांनाच दाखवली ना." आणि गेली.

सिद्धांत उठला. म्हणाला, "काका, मी नंतर येतो," आणि गिटार काम न करताच घेऊन गेला. जाऊ दे. एक विदूषक कमी.

काम शंभर टक्के बरोबर आहे. हे मी पुन्हा लिहितो आहे कारण ते खरं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. दुकान उघडत होतो. केतकीला अखेर सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आपण जाऊया. मी येते, नाहीतर तू तिथे फ्रेटवर भाषण देशील."

छावणीच्या गेटवर नाव-गाव लिहून आत गेलो. दुसऱ्या मजल्यावर क्वार्टर. गॅलरीत ऊन होतं, तिथे सुभेदार संपतराव खुर्चीत बसलेले. दाढी गुळगुळीत, ब्लेझर, गळ्याला मफलर, बुटांना आरशासारखं पॉलिश. मी मनात एक गबाळा, हट्टी म्हातारा करून ठेवला होता, तो तिथे नव्हताच.

"आइए, बैठिए," म्हणाले. कृष्णाबाई म्हणाल्या, "हे गिटार दुरुस्त करतात." तसे ताठ झाले आणि मराठीत आले.

"माझी तुमच्याकडे आहे का?"

कृष्णाबाईंनी आतून गिटार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. मी बघत होतो. कान न लावता, नुसत्या बोटांनी त्यांनी सहाही तारा सुरात आणल्या. काय हात होते! मग डावा अंगठा मागे गेला. वर, खाली, पुन्हा वर. अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपावं तसा. जिथे थांबायचा तिथे काही नव्हतं. मी घासलं होतं तिथे, तीन जाडीच्या कागदांनी. त्यांनी जाडी तार तिसऱ्या घरात दाबून वाजवली, मान तिरकी करून ऐकली, पुन्हा वाजवली. गुणगुणली नाही. मग वास घेतला. खरंच, गिटार उचलून तिच्या भोकाशी नाक नेलं.

"चांगली आहे," म्हणाले. "महागाची दिसते. कुणाची आहे?"

आणि दुसऱ्याचं मूल झोपवावं इतक्या जपून ती पलंगावर ठेवून दिली. कृष्णाबाईंकडे वळून म्हणाले, "ताई, माझी आली की हाक मारा हं."

मी फ्रेटवर भाषण दिलं नाही. कृष्णाबाईंनी पोहे केले होते ते खाल्ले. परतताना केतकी खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटत होतं तिने काहीतरी बोलावं, अगदी घालूनपाडून बोलली तरी चालेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिटार परत माझ्याकडे आहे. शिवांजलीने दुकानाच्या दारात आणून दिली, आत आली नाही.

जे काढलं ते परत घालता येतं का, हे बघतोय. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी बघतोय. भिंतीवरचा फोटो उतरवून समोर ठेवला. खड्डा कोरू शकतो. पण मानेचे खळगे फोटोत दिसत नाहीत, मागची बाजू तर काढलीच नव्हती. तिथे फोटो काढण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. अंगठ्याची जागा माझ्या अंगठ्याने ठरवून घासली, काळा रंग दिला. ती डागासारखी दिसते. डागच आहे तो. पितळेचं पॉलिश आणून कापसाने आत फिरवलं. आतून आधी इतक्या वर्षांचा वास येत होता, आता दुकानाचा येतो.

अडाणी सुताराने केलं असतं तर वाईट केलं असतं आणि काहीतरी शिल्लक राहिलं असतं. मी चांगलं केलं. काहीच ठेवलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी. खाली उतरून कधी बघितलंच नाही.

पुडीतलं बटण मात्र होतं. ते जुन्या जागी डागून बसवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायला नको वाटतं.

एकटाच गेलो. संपतरावांनी गिटार घेतली, आणि बोट त्या बटणाला लागलं. थांबले. बटण चाचपलं, डोळ्याजवळ नेलं. मला वाटलं, लागलं. कृष्णाबाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, त्यांनाही वाटलं असणार, कारण त्या एक पाऊल पुढे आल्या.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "माझ्या युनिटचं. माझ्या गिटारीला होतं." मग बाकी गिटारीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही माझी फोडली?"

"नाही, सुभेदारसाहेब—"

"फोडली! फोडून सामान याला लावलं! चोर साला!" उठले ते. हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल ते. शिवांजलीने मुलांना आत ओढलं. मग बसले आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागले. म्हणत होते, "अहो, तिच्याशिवाय माझं काही नाही हो इथं. मी कुणाच्या घरात राहतोय तेसुद्धा मला माहीत नाही."

कृष्णाबाई त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेल्या तर त्यांनी पाय मागे घेतला, परक्या बाईने शिवल्यावर घेतात तसा.

फोडून सामान लावलं, असं म्हणाले. यात चूक काय होतं? दुकानात येणारा एकही माणूस इतकं नेमकं बोललेला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सिद्धांत आला. दाराबाहेरूनच म्हणाला, "काका, मूड ठीक आहे का?" खुंटी पुन्हा ढिली झालीये. मी विचारलं, "कशाला हात लावायचा नाही ते आधी सांग." तो चपापला. त्याला वाटलं मी टिंगल करतोय, आणि त्याने तसं समजावं इतकी मी ती केलेली आहे. मग त्याने दाखवलं: इथे ओरखडा आहे, तो बहिणीने पाडला, तो राहू द्या. इथे टेप आहे. मी फक्त स्क्रू आवळला. त्याने डोक्यावर ओठ टेकवले तेव्हा मी खाली बघून पेचकस पुसत होतो. मूर्खच आहे तो. पण त्याची गिटार त्याला सापडते.

संध्याकाळी कृष्णाबाईंचा फोन. मी शिव्यांच्या तयारीने उचलला.

"दादा, एकदा येऊन जा. विचारतात तुम्हाला."

"मला? मारायला?"

"नाही हो. ते सगळं विसरले. तुमच्याकडे त्यांची गिटार आहे, एवढंच राहिलंय डोक्यात."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. सुभेदारसाहेब, ती नाही, मी घालवली, आता येणार नाही. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. केतकीलाही सांगून निघालो होतो. ती एवढंच म्हणाली, "तू हे त्यांच्यासाठी सांगणार आहेस का स्वतःसाठी?" मी चिडून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून वळलो तर ते दारात उभेच होते. ब्लेझर, मफलर, बूट. मला बघून चेहरा उजळला.

"आलात? या, या. तुम्ही ते गिटारवाले." आणि आत वळून, "अहो ताई, हे आलेत. चहा मिळेल का यांना?"

मला ओळखलं. मुलाला ओळखत नाहीत, नातवंडांना नाही, ज्या बाईबरोबर जन्म काढला तिला नाही. मला ओळखलं त्यांनी.

"झाली का माझी?"

माझी वाक्यं तयार होती. समोर ते उभे होते, हात किंचित पुढे करून, जणू मी पाठीमागे लपवून आणलीये.

"होतेय," मी म्हटलं. "थोडं काम राहिलंय."

"असू दे, असू दे. घाई नाही," म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत बसले. चहा येईपर्यंत मला तिच्याविषयी सांगत होते. तिसऱ्या घरात जरा भणभणते, तेवढं सांभाळा. अंगठ्याला बरोबर जागा आहे तिच्यात. इतकं नीट, इतकं क्रमाने बोलत होते की शिवांजली मुलाचा अभ्यास सोडून दाराशी येऊन ऐकत उभी राहिली. मी मान हलवत होतो. मी ती गिटार इंचाइंचाने तपासली होती आणि तिच्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

निघताना त्यांनी पलंगावरची गिटार, माझी शंभर टक्के बरोबर असलेली गिटार, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "ही घेऊन जा. कुणीतरी चुकून इथं ठेवून गेलंय. शोधत असेल बिचारा. जीव कासावीस होतो हो माणसाचा."

घेतली.

कृष्णाबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांची माफी मागितली. याआधी मागितलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ती ऐकली, पण घेतली असं दिसलं नाही.

"दर गुरुवारी येत जा," म्हणाल्या. "खरं काही सांगू नका. होतेय म्हणा. आज सकाळी स्वतःहून आंघोळ केली त्यांनी, जेवले. तुम्ही येणार म्हणून."

मग जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर आहे, दादा. माझी वाट नाही बघत ते. तुमची बघतात."

येईन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.